चाळीस आणि एकेचाळीसच्या मधलं पान

१

तुम्ही एका बाईला मरू दिलंत, आणि तिच्या मरणाचं खापर दुसऱ्या बाईच्या डोक्यावर फोडलंत. हे आधी तोंडावर सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर आडून बोलल्याचा आरोप नको.

एका माणसानं बायकोच्या जबड्यावर इस्त्री मारली. जबडा दोन ठिकाणी फुटला, तीन बरगड्या गेल्या. तुम्ही त्याला आठ महिने दिलेत. त्यातले पाच तो कोठडीत आधीच बसला होता. ‘पहिलाच गुन्हा, तरुण वय, सुधारण्याची संधी’ असं निकालात लिहिलंत. उरलेले तीन महिने काढून तो घरी आला आणि नवव्या दिवशी त्यानं तिला संपवलं. मग वर्तमानपत्रात आलं, की सहा वर्षांपूर्वी त्यानं आणखी एका बाईला जिन्यावरून ढकललं होतं, तिचा एक कान कायमचा गेला होता, आणि त्याला त्याबद्दल शिक्षाही झाली होती. पहिला गुन्हा कसला? लोकांनी विचारलं, तेव्हा तुमच्या कचेरीतून उत्तर आलं: त्या जुन्या शिक्षेची प्रत न्यायालयासमोर आलीच नाही. फाइल शिवताना गहाळ झाली असावी.

फाइल शिवणारी एकच होती. न्यायालयाच्या तळघरातल्या दप्तरखोलीत ती अठ्ठावीस वर्षं फायली शिवत होती. हातात कायम दाभण, म्हणून सगळे तिला दाभणबाई म्हणत. नवरा केव्हाच गेला, मूलबाळ नाही. जीभही दाभणासारखीच, असं वकील लोक म्हणायचे आणि तिला टोमणा मारून चार पावलं लांब उभे राहायचे.

गुरुवारी सकाळी तिच्या हातात नोटीस पडली. सोमवारी चौकशी, त्याआधी खुलासा द्या. पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो नोटिशीमुळे नव्हे. दप्तरखोलीबाहेरच्या बाकावर आठवडाभर एक म्हातारी येऊन बसत होती. मेलेल्या मुलीची आई. ती रडत नसे, कोणाला अडवत नसे, नुसती बसायची. त्या सकाळी ती पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी शेजारणीला काही विचारावं तसा.

“तुझ्या हातून पडलं का गं ते पान?”

दाभणबाईनं हातातलं दाभण खाली ठेवलं. दिवसाला चाळीस फायली हातांखालून जात. नाही म्हणायला तिला आधी खात्री असायला हवी होती, आणि ती नव्हती.

२

खुलाशासाठी तिला फाइल बघायची मुभा होती, पण दप्तरकाकांच्या समोर.

दप्तरकाका म्हणजे या खोलीचे मालकच जणू. अडतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार महिने. त्यांनीच तिला बाविसाव्या वर्षी काम शिकवलं होतं: आरीनं एका दमात तीन भोकं कशी पाडायची, दोरा कसा ओवायचा, मागच्या बाजूला दोन वेढ्यांची आडवी गाठ कशी मारायची. ती गाठ काकांची स्वतःची. सगळ्या इमारतीत ती दोघांनाच येत होती. काका दोऱ्याला मेण चोळून शिवायचे. तिची बोटं मेणानं फुटायची, म्हणून डॉक्टरांनी बंदी घातली आणि सात-आठ वर्षांपूर्वी तिनं ते सोडलं. त्यावरून काकांचा ठरलेला विनोद होता, “कोरडा दोरा, कोरडी बाई.” पन्नाशीतल्या बाईला ते अजून पोरी म्हणायचे.

त्या दिवशी विनोद झाला नाही. काकांनी कपाटाचं सील काढलं, फाइल टेबलावर ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसले.

तिनं पानं उलटायला सुरुवात केली. तेराव्या पानावर फोटो होते. एक डोळा सुजून बंद, दुसरा उघडा आणि थेट कॅमेऱ्यात. दाभणबाईनं आयुष्यात असे शेकडो फोटो शिवले होते, पण हा उघडा डोळा शिवताना आपण बघितला होता का, हे तिला आठवेना, आणि न आठवणंच तिला खायला उठलं. एकोणिसाव्या पानावर मुलीचा जबाब. जबडा बांधलेला असल्यामुळे तिनं लिहून दिला होता. शेवटची ओळ: ‘तो परत येईल, हे मला माहीत आहे.’

प्रत्येक पानावर जांभळा शिक्का होता. ‘अवलोकन केले’, खाली तारीख आणि मोठ्या साहेबांची छोटी सही. मोठे साहेब म्हणजे ज्यांनी हा निकाल दिला ते न्यायाधीश. त्यांची शिस्त सगळ्या इमारतीत प्रसिद्ध होती. पान स्वतः वाचायचे, शिक्का स्वतः मारायचे, तोही असा जोरात की शाई वाळायच्या आत पान उलटलं की मागच्या पानाच्या पाठीवर उलटा ठसा उमटायचा. त्यांचं नाव वरच्या न्यायालयाच्या यादीत होतं, आणि ही शिस्त त्याचं कारण होतं म्हणे.

पानांना शाईचे आकडे शिक्षा भोगून संपल्यावर, फाइल बंद करतानाच पडत, आणि ते काका टाकत. तोपर्यंत नुसती पेन्सिल. त्यामुळे एक ते बासष्ट आकडे सलग होते. खाडाखोड नव्हती.

ती शेवटी पाठीकडे वळली. दोन वेढे, आडवी गाठ, टोक आत दाबलेलं.

काका हलक्या आवाजात म्हणाले, “तुझीच गाठ आहे, पोरी. मी काय लिहू?”

३

पान टेबलापर्यंत आलंच नसेल तर? शुक्रवारी ती सरकारी वकिलाला गाठायला निघाली.

सरकारी वकील कायम धावत असायचा. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्याबरोबर जिना चढावा लागे. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यानं सांगितलं ते एवढं: शिक्षा सुनावण्याच्या दिवशी सकाळी, जुन्या शिक्षेची प्रमाणित प्रत त्यानं स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवली. प्रत उशिरा मिळाली, त्याला तो काय करणार? पोच घेतली नाही. का घेतली नाही, तर त्या दिवशी त्याची सतरा प्रकरणं होती आणि हात दोनच. “चौकशीत मला कोणी विचारलं तर हेच सांगेन,” तो म्हणाला. विश्वास कोण ठेवणार, असं तिनं विचारल्यावर तो पहिल्यांदा थांबला. “कोणी नाही. म्हणून तर तुमच्यावर आलंय.”

मग आरोपीचा वकील. त्याला सगळे मखमल म्हणत, कारण तो कोणाच्याही अंगाला न टोचता बोलायचा. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. पान गायब झाल्याचा फायदा त्याच्याच अशिलाला झाला होता, तेव्हा संशय पहिला त्याच्यावर. तिनं तसं तोंडावर सांगितलं. मखमलला राग आला नाही.

“बाई, त्या साहेबांसमोर मला पान चोरायची गरज पडत नाही. नुसतं उभं राहिलं तरी भागतं. सहा महिने, आठ महिने, फार तर वर्ष. हाडं मोडणाऱ्यांचा तिथला दरच तो आहे.”

ती उठली. दारापर्यंत पोहोचली तेव्हा तो मागून बोलला, जणू स्वतःशीच.

“त्या जुन्या शिक्षेवर मी चांगली दहा मिनिटांची तयारी करून गेलो होतो. मला प्रत मिळाली होती ना सकाळी. पण बोलायची वेळच आली नाही. साहेबांनी विषयच काढला नाही.”

दाभणबाई जिन्यात उभी राहिली. म्हणजे सरकारी वकील खरं बोलत होता. पान टेबलावर आलं होतं. मग ते टेबलावरून तळघरात येताना पडलं, की तळघरात, तिच्या टेबलावर? दुसरी जागा उरतच नव्हती. खाली बाकावर म्हातारी बसलेली होती, आणि दाभणबाई मागच्या दारानं घरी गेली.

४

शनिवारीही कचेरी चालू होती. दाभणबाईचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. डोळे मिटले की समोर एक उघडा डोळा यायचा.

तिनं फाइल पुन्हा मागितली. काका कुरकुरले, पण सील काढलं आणि समोर बसले. पानं ती परवा वाचून चुकली होती. आज तिनं वाचलं नाही. तिला जे येत होतं ते केलं. डोळे मिटून फाइलची पाठ बोटांनी चाचपली.

गाठ तिची होती. दोरा तिचा नव्हता.

दोरा बोटाला किंचित चिकटत होता. नख ओढलं तर नखात पांढुरका चुरा आला. मेण. तिनं चेहरा जराही हलू दिला नाही, कारण तीन फुटांवर तो माणूस बसला होता ज्यानं तिला मेण चोळायला शिकवलं होतं.

म्हणजे फाइल तिनं शिवल्यानंतर कोणीतरी उसवली होती आणि पुन्हा शिवली होती. कोणीतरी कशाला म्हणायचं? गाठ दोघांना येते, आणि त्यातली एक मेण लावत नाही. पहिल्या पानावरची कागदांची यादी नव्यानं लिहायची, आकडे नव्यानं टाकायचे, तर तेही काकांच्याच अक्षरात हवेत, आणि ते काकांच्याच अक्षरात होते.

पण काय काढलं? आणि मुख्य म्हणजे, ते काढलं तेव्हा साहेबांनी ते वाचलेलं होतं की नाही?

ती आता पानांच्या पाठी बघत गेली. प्रत्येक पाठीवर पुढच्या पानाच्या शिक्क्याचा फिका उलटा ठसा. शिक्का उजवीकडे खाली, म्हणून ठसा डावीकडे खाली. अडतीस, बरोबर. एकोणचाळीस, बरोबर. चाळीसच्या पाठीवर खाली काहीच नव्हतं. ठसा वर होता, पार कोपऱ्यात.

तिनं एकेचाळिसावं पान पाहिलं. शिक्का नेहमीसारखा खाली. वर कोरं.

तर चाळीस आणि एकेचाळीसच्या मध्ये एक पान होतं. त्याच्यावर शिक्का वर मारावा लागला, कारण खालची जागा आधीच भरलेली होती. खाली आधीपासून शिक्के-सह्या कशावर असतात? दुसऱ्या न्यायालयानं दिलेल्या प्रमाणित प्रतीवर.

छताजवळच्या बारक्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. चाळिसावं पान तिनं त्या उजेडासमोर धरलं. उलटा ठसा पलीकडून सुलटा दिसला. ‘...लोकन केले’. खाली तारीख. शिक्षा सुनावली त्याच दिवसाची. खाली छोटी सही.

“काय सापडलं गं?” काकांनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “डोळे दुखतायत.”

५

दुपारी काका जेवायला वर गेले. दाभणबाई आपल्या टेबलाशी बसून एकच विचार करत होती. हा माणूस पान काढून त्याचं काय करेल?

दुसरा कोणी असता तर जाळलं असतं, गिळलं असतं. काकांनी अडतीस वर्षांत न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद कधी फाडला नव्हता. एकदा उंदरानं कुरतडलेली अर्धी नोटीससुद्धा त्यांनी पारदर्शक कागदावर चिकटवून जागी लावली होती. प्रत्येक कागदाला घर असतं, हे त्यांचं वाक्य ती पाठ म्हणू शकली असती. मग या कागदाचं घर कोणतं? ज्या खटल्याची ती प्रत, तो खटला.

शेवटच्या रांगेत इमारतीतल्या सगळ्या न्यायालयांचे सहा वर्षांपूर्वीचे गठ्ठे होते. जुन्या फायलींच्या फाटक्या पाठी दुरुस्त करणं हे तिचंच काम, तिला कोण अडवणार? फाइल निघाली. जिना, ढकललेली बाई, कानाचा दाखला, निकाल. आणि निकालाच्या मागे, शेवटचं पान म्हणून, मेणाच्या दोऱ्यानं नीट शिवलेली ती प्रत. वरच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का.

काकांनी पहिल्या पानावरच्या यादीत तिची नोंदही केली होती. ‘प्रत, एक पान.’ चोरी करताना त्यांनी नोंद केली होती. तिला हसू आलं नाही, पण थोडक्यात राहिलं.

मग तिनं तो जुना निकाल वाचला, आणि त्यातला एक परिच्छेद पुन्हा वाचला. काका परत आले तेव्हा ती तशीच जमिनीवर बसलेली होती, फाइल मांडीवर.

त्यांनी नाकारलं नाही. खुर्चीवर बसले, चष्मा काढला. साहेबांनी काढायला सांगितलं का, असं तिनं विचारलं.

“साहेब सांगत नसतात, पोरी. खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. म्हणाले, ते पान माझ्यासमोर आलंच नसतं तर किती बरं झालं असतं, नाही का काका? मग चहा पाजला.” त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. “मला वाटलं, साहेबांनी वाचूनही सोडलं असं बाहेर कळलं तर लोक या इमारतीवर थुंकतील. पान हरवलं म्हटलं तर कोणाचंच नाव येत नाही. फायलीत पानं हरवतातच. तुझ्यावर येईल असं खरंच वाटलं नव्हतं.”

“आल्यावर?”

काकांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले.

“आठवडाभर ती बाहेर बसलीय,” दाभणबाई म्हणाली. “तुम्ही तिच्या समोरून डबा घेऊन जाता.”

६

सोमवारी चौकशीच्या खोलीत पाच माणसं होती. लांबच्या न्यायालयातून आलेल्या चौकशीच्या बाई, मोठे साहेब, काका, दाभणबाई आणि टंकलेखिका. सहावी म्हातारी. तिला आत येऊ द्यायला शिपाई तयार नव्हता. दाभणबाई म्हणाली, ती नसेल तर मीही बोलणार नाही.

तिनं दोन फायली टेबलावर ठेवल्या आणि सगळं क्रमानं सांगितलं: मेण, गाठ, कोपऱ्यातला ठसा, तारीख, जुन्या फायलीत सापडलेलं पान. ठसा आणि शिक्का जुळवून दाखवले. काकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं, चहासुद्धा.

चौकशीच्या बाई न्यायी होत्या, त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. दाभणबाई निर्दोष, काका निलंबित, आणि पान काढायला लावल्याबद्दल साहेबांविरुद्ध अहवाल वर जाईल. असं त्यांनी टंकून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“आणि आठ महिने?” दाभणबाईनं विचारलं.

शिक्षा किती द्यायची हा न्यायाधीशांचा अधिकार असतो, बाई समजुतीनं म्हणाल्या. तो या चौकशीत येत नाही.

“या दारातून येत नाही, तर कोणत्या दारातून येतो? मी अठ्ठावीस वर्षं इथं आहे, मला ते दार दिसलं नाही.”

साहेब आतापर्यंत गप्प होते. आता बोलले, आणि त्यांचा आवाज वाईट माणसाचा नव्हता. तुरुंग भरलेत, ते म्हणाले. जास्त वर्षं आत ठेवलेला माणूस जास्त बिघडून बाहेर येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आरोपी कोर्टात रडला होता. खुद्द बायकोनं माफीचा अर्ज दिला होता.

म्हातारीनं मान वर केली. “तिच्या दिराच्या घरात बसून लिहिला तो. दार बाहेरून बंद होतं.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते पान सकाळी आलं, त्यांनी सांगितलं. त्यांनी ते वाचलं, शिक्काही मारला. पण निकाल आदल्या दिवशीच टंकून तयार होता. बदलायचा तर तारीख पुढे ढकलावी लागली असती, आणि त्या दिवशी आणखी एकोणीस निकाल होते. नेहमी असंच चालतं. सगळीकडे.

दाभणबाईला चार दिवस वाटत होतं, की आपण सुटलो की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही, उलट जड झाला. हरवलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या हातून पडलं असतं, पायाखाली गेलं असतं, कचऱ्यात गेलं असतं, तर ती निदान चूक होती. चुकीला माफी मागता येते. म्हातारीच्या पायाशी बसता येतं.

तिनं जुनी फाइल उघडली आणि सहा वर्षांपूर्वीच्या निकालातला एक परिच्छेद वाचला. मग नवी उघडली आणि तोच परिच्छेद वाचला. पहिलाच गुन्हा, तरुण वय, सुधारण्याची संधी. शब्दाला शब्द. सही वेगळ्या न्यायाधीशाची. कानाचे सहा महिने, जबड्याचे आठ.

“साहेब, तुम्ही म्हणता निकाल आधीच टंकला होता. धरून चालू. मला एवढंच सांगा. तो टंकलेला नसता, दिवसभर तुम्हाला हेच एक प्रकरण असतं, हे पान तुमच्या समोर उघडं असतं. तर किती दिले असतेत?”

साहेबांची नजर टेबलावरच्या जांभळ्या शिक्क्यावर गेली. चौकशीच्या बाईंनी टोपण लावलेलं पेन हातात फिरवलं. प्रश्न नोंदवायचा की नाही, हे टंकलेखिकेला कळेना. तिची बोटं कळांवर तशीच राहिली.

“लिही गं,” दाभणबाई तिला म्हणाली. मग तिनं खुर्ची ओढली, म्हातारीच्या शेजारी बसली आणि समोर बघू लागली.

“आम्हाला घाई नाही. आकडा सांगा, साहेब.”